भिंतीचं शूटिंग

ऑक्टोबर लागला की कर्वेनगरातल्या गच्च्यांवर गाद्या पडतात. चार महिने कोंदटलेला कापूस, उशा, रजया, कुणाच्या तरी आजोबांची घोंगडी, सगळं उन्हात. आज सकाळी मीही माझी गादी वर नेली, पसरली, दोन धपाटे घातले आणि डोक्यावर भुंगा घोंघावतो तसा आवाज आला. वर पाहिलं तर शेजारच्या सोसायटीच्या अंगाअंगावरून ड्रोन फिरत होता. म्हणजे त्यांनाही हे खूळ लागलं. खाली त्यांची कमिटी माना वर करून उभी होती, चेहऱ्यावर आपण काहीतरी मोठं करतोय असा भाव. तो भाव मी ओळखते. मी गादी तशीच टाकून खाली आले.

त्या आवाजानं माझं डोकं उठतं, आणि त्याला कारण आहे.

पुण्याचा ऑक्टोबर मुळातच लबाड. पहाटे अंगावर पांघरूण ओढावंसं वाटतं आणि दुपारी पंख्याखाली बसूनही मान चिकट होते. याच दिवसांत भाजणी भाजल्याचा खमंग वास जिन्यात उतरतो, पातळ पोहे वर्तमानपत्रावर वाळत पडतात, आणि याच दिवसांत भिंती आपली खरी अवस्था दाखवतात. पावसाळाभर नुसत्या काळपट असलेल्या जागा आता वाळायला लागतात, कडांना पांढरा लोणा फुटतो, रंगाचे पोपडे सुटतात. शनिवार पेठेतल्या एका शाळेत मी आयुष्यभर भूगोल शिकवला. पुण्याचा पाऊस पश्चिमेकडून येतो हे इतक्या पोरांकडून पाठ करून घेतलं की आता झोपेतही सांगेन. आमच्या इमारतीची पश्चिमेची भिंत तो सगळा पाऊस अंगावर घेते. हे कळायला भूगोलाची पदवी लागत नाही, खिडकी उघडून बाहेर बघावं लागतं. पण खिडकी उघडून बघणं आमच्या कमिटीला कमीपणाचं वाटतं. त्यांना ड्रोन लागतो.

माझ्या वरच्या, चौथ्या मजल्यावर मेश्राम राहायचे. दोघंच. ते कोषागारातून निवृत्त झालेले, रत्नाताई सरकारी दवाखान्यातून. मूळचे नागपूरकडचे, मुलगी इथे नोकरीला लागली म्हणून पुण्यात आले आणि पहिल्यांदा स्वतःच्या मालकीचं घर घेतलं. मेश्रामांचा आवाज भारदस्त होता. रोज सकाळी बाल्कनीत बसून ते अग्रलेख मोठ्यानं वाचायचे आणि रत्नाताई भाजी निवडत ऐकायच्या. खाली माझ्या बाल्कनीत तो सगळा मला फुकट ऐकू यायचा. मध्येच ते थांबायचे आणि म्हणायचे, "हे काही पटलं नाही बुवा." मी खालून मनातल्या मनात हो म्हणायचे. एकटीच्या घरात सकाळी असा आवाज असला की बरं वाटतं. ते कधी त्यांना सांगितलं नाही, पण वाटायचं.

त्यांच्या झोपायच्या खोलीची भिंत म्हणजे ती पश्चिमेची. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून बाहेरच्या बाजूनं एक भेग निघाली होती आणि तिरकी खाली माझ्या सज्ज्यापर्यंत आली होती. पावसाचं पाणी तिच्यातून आत. त्यांची आतली भिंत हिरवट काळी व्हायची, हात लावला की गार आणि बुळबुळीत. भिंतीवरची बुद्धाची तसबीर त्यांनी आधी वर सरकवली, मग समोरच्या भिंतीवर नेली. तसबीर नेता आली. पलंग नेता येईना, खोलीच तेवढी. मेश्रामांना आधीपासून दम्याचा त्रास होता. त्या बुरशीच्या वासात तो वाढत गेला. अग्रलेख आधी निम्म्यावर थांबायला लागला, मग दोन परिच्छेदांवर. मध्ये खोकला यायचा, मग रत्नाताईंचा आवाज, "राहू द्या आता."

डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं: ही भिंत कोरडी करा, नाहीतर हे घर सोडा. मेश्रामांना घर सोडायचं नव्हतं. जन्मभर सरकारी क्वार्टर्समध्ये काढल्यावर हे पहिलं घर होतं ज्याला त्यांनी स्वतः खिळा ठोकला होता. एवढीच त्यांची मागणी होती: भेग बुजवा, म्हणजे मला माझ्या घरात राहता येईल. यापेक्षा साधी मागणी मी कुणाची ऐकलेली नाही.

ती त्यांनी आमच्या सेक्रेटरींकडे केली. सेक्रेटरी म्हणजे देवधर. कुठल्याशा आयटी कंपनीतून लवकर निवृत्त झालेले, सकाळपासून पायात पळायचे बूट, पळताना मात्र कुणी पाहिलेलं नाही. प्रत्येक वाक्यात ‘प्रॉपर’ आणि ‘क्लीन’. ते मेश्रामांकडे आले, भिंतीला हात न लावता भिंतीकडे पाहिलं आणि खिडकीतल्या कूलरकडे बोट दाखवलं.

"हे बघा मेश्राम, तुम्हा नागपूरच्या लोकांना कूलरची सवय. पुण्यात कूलर लावलात की ह्युमिडिटी वाढते. ओल त्याची आहे."

"कूलर मेमध्ये असते साहेब. ओल जुलैत येते," मेश्राम म्हणाले.

"तेच. साठून राहते ती."

हे माझ्यासमोर झालं. मे महिन्यातली हवा जुलैपर्यंत खोलीत साठून राहते हा सिद्धांत माझ्या वर्गात कुणी मांडला असता तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. पण मेश्राम भिडस्त. त्यांनी कूलर काढून टाकला. पुढचा उन्हाळा दोघांनी टेबलफॅनवर काढला. जुलैत भिंत पुन्हा काळी झाली. मग देवधर म्हणाले, स्वयंपाकाची वाफ असेल. मग म्हणाले, आतल्या नळाची गळती असेल. बाहेरची भेग? ती हेअरलाइन आहे हो, केसाएवढी. पश्चिमेची भिंत सोसायटीची, आणि सोसायटीची म्हटली की काम कमिटीचं, त्यामुळे ती भेग जाडच होईना.

दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात अखेर मी आणि मेश्राम मिळून मागे लागलो, तेव्हा देवधरांनी ग्रुपवर जाहीर केलं की संपूर्ण इमारतीचं बाह्यपरीक्षण ड्रोननं होणार. मेश्राम इतके खूश झाले की ते सांगायला खाली माझ्याकडे आले. जिना उतरायला त्यांना अर्ध्यात टेकावं लागत होतं. म्हणाले, "बाई, आता तं कॅमेराच पाहणार ना भिंत. कॅमेऱ्याले थोडीच भीड असते." मलाही तसंच वाटलं. यंत्राला नातं नाही, गोत नाही, कमिटी नाही. जे असेल ते दिसेल.

यंत्राचं ठीक होतं. पुढे जे झालं ते माणसांनी केलं.

परीक्षणाच्या आदल्या आठवड्यात दोन रंगारी शिडी घेऊन आले आणि इमारतीच्या भेगा पांढऱ्या सिमेंटनं बुजवायला लागले. मी खाली जाऊन देवधरांना विचारलं, हे काय चाललंय.

"अहो बाई, ड्रोन येणार ना. बिल्डिंग प्रॉपर दिसायला नको? ती क्लिप सगळीकडे जाणार."

"पण ड्रोन भेगा बघायला येणार आहे."

"हो, पण सगळ्याच कशाला दाखवायच्या?"

शाळेत तपासणी असली की आमचे मुख्याध्यापक वर्गातली कच्ची मुलं त्या दिवशी घरी ठेवायला सांगायचे. साहेब येणार, हुशार मुलं पुढे बसणार, साहेब खूश होऊन जाणार, कच्ची मुलं कच्चीच राहणार. आपल्या लोकांना तपासणी म्हणजे पाहुणा वाटतो. पाहुणा यायचा म्हटला की पसारा पलंगाखाली ढकलायचा. दुखणं दाखवायला डॉक्टर बोलवायचा आणि तो दारात दिसला की टुणकन उठून बसायचं. एवढी शिकलेली माणसं, घरटी एक परदेशात, आणि अक्कल तपासणीच्या दिवशीची. रंगाऱ्यांची शिडी दुसऱ्या मजल्यापर्यंतच पोचत होती, म्हणून मेश्रामांची भेग वाचली. नाहीतर तीही त्या दिवसापुरती गोरी झाली असती.

त्यात ग्रुपवर दुसरी सूचना आली. रविवारी सकाळी सर्वांनी आपापल्या बाल्कनीत किंवा खिडकीत उभं राहावं, वाळत घातलेले कपडे काढावेत, शक्यतो पारंपरिक वेश करावा. ड्रोन जवळ आला की हात करावा. मला वाटलं कुणीतरी थट्टा केली असेल. रविवारी पाहिलं तर समोरच्या विंगेतल्या बायका पैठण्या नेसून उभ्या. पुरुषांनी झब्बे घातलेले. एकीनं कठड्याला झेंडूचं तोरण लावलं होतं. दिवाळी जवळ होती म्हणून आकाशकंदीलही लावून झाले.

ड्रोन उडवायला आलेले शिंदे हे पन्नाशीचे स्थूल गृहस्थ. डोक्यावर उन्हाची टोपी, गळ्यात टॉवेल. एरवी ते लग्नांचं शूटिंग करत. बांधकामाचं शिक्षण वगैरे त्यांच्याकडे असण्याचं कारण नव्हतं, आणि त्यांनी तसं सांगितलंही. पण देवधरांच्या भाचीचं लग्न त्यांनी फार सुंदर टिपलं होतं म्हणे. त्यामुळे आमच्या इमारतीच्या वाट्याला जे आलं ते नवरीच्या वाट्याला येतं. ड्रोन गेटपासून हळूच वर चढला, पाण्याच्या टाकीभोवती गिरकी घेऊन खाली आला, गुलमोहराच्या फांद्यांतून इमारतीकडे लाजत पाहिल्यासारखं केलं. पुढच्या बाजूला तो रेंगाळला, कारण तिथे पैठण्या होत्या. पश्चिमेला पैठण्या नव्हत्या. तिकडून तो भुर्रकन गेला. शिंद्यांचा त्यात दोष नाही. त्यांना सांगितलेलं काम त्यांनी केलं.

मग ती क्लिप सर्वसाधारण सभेत दाखवली. तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये पडदा लावला, खुर्च्या मांडल्या, चहा आणि बटाटेवडे ठेवले. मेश्रामही आले होते, मफलर गुंडाळून, पहिल्या रांगेत. क्लिप सुरू झाली तीच सनईनं. भिंतींच्या पाहणीला सनई लावलेली मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली. आणि मग जे सुरू झालं ते मी अजून विसरले नाही. "थांबवा थांबवा, मागे घ्या, आम्ही दिसलो." "हा कुणाचा एसी बाहेर आलाय?" "यांनी बाल्कनी बंद केलीये की, परवानगी घेतली होती का?" "अगं बाई, तुझी साडी काय उठून दिसते." शेजाऱ्यांच्या बाल्कन्यांत वर्षानुवर्षं डोकवायची हौस, ती आज कमिटीच्या खर्चानं भागत होती. तिसऱ्या मजल्यावरच्या कुणाच्यातरी खिडकीत लोणच्याची बरणी दिसली तर तिच्यावरही चर्चा झाली.

पश्चिमेची भिंत आली. मेश्राम खुर्चीत पुढे सरकले. पडद्यावर ती भेग स्पष्ट दिसली, माझ्या सज्ज्यापर्यंत आलेली, आतून शेवाळ धरलेली. मेश्राम म्हणाले, "पाहा, हीच." एवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "पुढचं घ्या हो, गार्डन दाखवा." आणि क्लिप पुढे गेली.

मी उभी राहिले. म्हटलं, "देवधर, मागे घ्या. आपण हे बघायलाच जमलो आहोत."

देवधर हसले. "बाई, आम्ही नोट केलंय. हेअरलाइन आहे. वेळ होतोय, अजून ठराव बाकी आहेत."

"सनईला वेळ होता."

लोक हसले. मी विनोद केला असं त्यांना वाटलं. पुण्यात हे एक बरं असतं, कुणाला फटकारलं तरी लोक टाळी देतात आणि वडा उचलतात. त्या सभेत ठराव झाले ते असे: दर्शनी बाजूला कपडे वाळत घालू नयेत, बरण्या खिडकीत ठेवू नयेत, आणि दिवाळीआधी इमारतीला बाहेरून हस्तिदंती रंग द्यावा, कारण क्लिपमध्ये जुना रंग फार उदास दिसत होता. ज्या यंत्रानं दुखणं दाखवायचं, त्यानं यांना फक्त आपला चेहरा दाखवला.

यंदा दसऱ्याला दाराशी रांगोळी काढताना मला तो रंगाचा वास आठवला. त्या वर्षी दिवाळीच्या आधी परांची लागली आणि आठ दिवस आमच्या जिन्यात चकल्यांच्या वासावर रंगाच्या वासानं मात केली. या वेळी परांची चौथ्या मजल्यापर्यंत पोचली. मी रंगाऱ्यांना म्हटलं, आधी भेग भरा. ते म्हणाले, आम्हाला फक्त रंगाचं सांगितलंय. भेगेवरून ब्रश फिरला. वरून पाहिलं तर हस्तिदंती, आतून होती तशीच. देवधरांनी नव्या रंगाचे फोटो ग्रुपवर टाकले. लोकांनी हात जोडले, अंगठे दाखवले, फुलं पाठवली. त्या संध्याकाळी वरून अग्रलेख ऐकू आला नाही, एरवी सकाळचा राहिला की ते कधीकधी संध्याकाळी वाचायचे. खोकला मात्र आला.

पुढच्या पावसानं रंग महिनाभर मानला, मग नाही. जुलैत मेश्रामांना दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथून मुलगी त्यांना सरळ वाघोलीला घेऊन गेली, तिच्या फ्लॅटमध्ये. चौथ्या मजल्याला कुलूप लागलं. मी एकदा वाघोलीला जाऊन आले. रस्ता धुळीचा, एकामागून एक टॉवर, सगळ्यांना काचा. बाराव्या मजल्यावर कोरड्या भिंतींच्या खोलीत मेश्राम बसले होते, नाकाला नळी. श्वास बरा होता म्हणत होते. अग्रलेख वाचता का विचारलं तर म्हणाले, "इथं कोण ऐकते? सारे हापिसात." मग जरा वेळानं विचारलं, "भिंत पाहिली का कोणी?" मी खोटं बोलले नाही. नाही म्हणाले. परतीच्या रिक्षात मला रडू आलं ते दुःखानं कमी आणि संतापानं जास्त. एका माणसाला त्याच्या स्वतःच्या घरात श्वास घेता यावा म्हणून थोडंसं सिमेंट लागत होतं. ते नव्हतं असं नाही. ते दर्शनी बाजूला लावलं.

यंदा भाद्रपदात मेश्राम गेले. वाघोलीलाच.

सोसायटीनं नियमाप्रमाणे श्रद्धांजली वाहिली. नियम आम्ही फार पाळतो. प्रवेशद्वाराशी फलक लागला: आमचे ज्येष्ठ सभासद, मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व. वर त्यांचा मोठा फोटो, तोच ग्रुपवरही टाकलेला. मी तिथेच थबकले. फोटोत मेश्राम आपल्या खिडकीत उभे होते, पांढरा सदरा घातलेला, एक हात वर केलेला, तोंडभर हसू. त्या रविवारच्या क्लिपमधून काढलेला फोटो होता. हात करा म्हणाले होते, त्यांनी केला होता. पश्चिमेच्या बाजूनं सबंध इमारतीत तेवढे एकटेच उभे राहिले असतील. त्यांच्या कोपराशी जिथून भेग सुरू व्हायची, तिथे भिंत गुळगुळीत होती. एकसारखी, स्वच्छ, कुठे रेघ नाही.

परवा रत्नाताईंचा फोन आला. आवाज घोगरा, पण शांत.

"बाई, ग्रुपवरचा फोटो पाह्यला. असा हसतानाचा त्यांचा एकही फोटो नाही जी आमच्याकडे. मला पायजे तो. पण त्यात भिंत बदलली आहे."

"हो. मलाही दिसलं."

"मला होती तशी भिंत पायजे. इतकी वर्षं त्या भिंतीपायी भांडले ते. ती पुसली तं मग ते कशाला भांडत होते, असं होईल. तुम्ही विचारता का त्यांना?"

मी विचारेन म्हणाले. आज गच्चीवरून खाली आले ती याच कामासाठी. देवधर गेटपाशी उभे राहून शेजारचा ड्रोन बघत होते, डोळ्यांवर हात धरून, जाणकारासारखे. म्हणाले, यांचा लेटेस्ट आहे, आपला जुना झाला. मी त्यांना रत्नाताईंचा निरोप सांगितला. मूळ फोटो हवाय, भिंतीसकट.

"अहो बाई, ओरिजिनल ठेवलाच नाही, ती क्लिपही आता कुणाकडे नाही," देवधर म्हणाले. "एडिट करणाऱ्याला मुद्दाम सांगून तेवढं क्लीन करून घेतलं." मग माझा चेहरा पाहून त्यांनी मला समजावून सांगितलं, अगदी आपुलकीनं. "एवढी मोठी भेग होती ती. श्रद्धांजलीत बरी दिसते का?"